पट्टी टोकाकडून पाहावी

फ्रेमच्या दुकानात एक भिंत पट्ट्यांच्या कोपऱ्यांनी भरलेली असते. दोन वीतभर तुकडे ४५ अंशांत कापून जोडलेले, बाणाच्या टोकासारखे, ओळीने टांगलेले. सोनेरी, चंदेरी, शिसवी, पांढरे. कुणावर वेलबुट्टी, कुणावर मणी, कुणावर काहीच नाही. गिऱ्हाईक आत येतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काउंटरवर उलगडतं, मान वर करून त्या भिंतीकडे पाहतं आणि गोंधळतं. मग बोट आपसूक सगळ्यांत सोनेरी, सगळ्यांत रुंद कोपऱ्याकडे जातं.

माझंही गेलं. पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी, माझ्या मावशीचं कौलारू घर आहे. तिथे माजघराच्या दारावर तिच्या सासऱ्यांचा फोटो असायचा. गिरणीत कामाला असताना मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर. चौकटीचे कोपरे उकलले होते, काच खाली सरकली होती. मी तो महाडला नेला आणि तीन इंच रुंदीची, पानाफुलांची सोनेरी पट्टी पसंत करून आलो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यातली वाटत होती. माजघराच्या दारावर चढवली तेव्हा सोन्याची हळद झाली, पानंफुलं कुणी चमच्याने खरवडून काढल्यासारखी खड्डे-खड्डे दिसायला लागली, आणि आजोबा तर विहिरीच्या तळाशी उभे राहून वर पाहत असावेत तसे.

मावशी काही बोलली नाही. ओसरीवर चहाला थांबलेले गावातले एक जुने सुतार मात्र बोलले. "समोरून बघून घेतलीस होय रे? पट्टी टोकाकडून बघायची असते."

तेव्हा ते मला कोडंच वाटलं. पण पट्टी विकत घेताना करायची पहिली गोष्ट खरोखर तीच आहे. तुकडा हातात घ्यायचा, फिरवायचा आणि कापलेल्या टोकाकडून पाहायचा. तिथे दिसतो तिचा काटछेद. रंग, वर्ख, नक्षी हे अंगावरचे कपडे; अंगकाठी कळते ती टोकाकडून. कुठे फुगली आहे, कुठे खोल गेली आहे, उतार चित्राकडे आहे की भिंतीकडे, आणि मागची खाच किती खोल आहे. भिंतीवर चढल्यावर पट्टी कशी दिसेल हे या आकृतीवर ठरतं, सोनेरीपणावर फार कमी.

सुतारकामात या वळणांना साधी नावं आहेत. फुगीर तो गोला, खोलगट तो गलता. त्यांचे रंधेही निराळे असायचे. पातं ज्या आकाराचं, तसा कंगोरा लाकडावर उतरे. याशिवाय सपाट पट्टी, आणि दोन वळणांच्या मध्ये पाडलेली काटकोनी पायरी. एवढ्या चार गोष्टी उलटसुलट जुळवून जगातल्या बहुतेक सगळ्या चौकटी झाल्या आहेत.

यातली कोणतीही आकृती स्वतः दिसत नाही, तिच्यावरचा उजेड दिसतो. सपाट भाग सगळा एकसारखा उजळतो. आडव्या गोल्यावर वरून उजेड पडला की वरचं अंग चकाकतं आणि खाली जाता जाता छटा हळूहळू गडद होते. गलत्यात नेमकं उलटं: वरची कड आत सावली टाकते आणि खालची कुशी उजळते. पायरी मात्र मऊपणा जाणत नाही. तिच्याखाली पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ पडते. कारागीर गोल्याशेजारी पायरी ठेवतो ती यासाठी. नुसती मऊ वळणं एकमेकांत विरघळतात आणि पट्टी लोण्याच्या गोळ्यासारखी दिसते. मध्ये एक कडक रेघ आली की दोन्ही बाजूंना धार येते.

हे शास्त्र फ्रेमवाल्यांचं नाही, पाथरवटांचं आहे. कोणत्याही जुन्या दगडी देवळाचं जोतं पाहा. खालून वर थर चढत जातात: खुर, कुंभ, कलश, कपोत, मध्ये सुरीच्या धारेसारखी कर्णिका, मध्ये आत दबलेली अंतरपट्टी, कुठे कमळाच्या पाकळीसारखं दुहेरी वळण, म्हणजे पद्म. ग्रीकांनी त्याच दुहेरी वळणाला 'सायमा' म्हटलं. मूळ अर्थ लाट. आपल्याला तिथे कमळ दिसलं, त्यांना समुद्र, आणि आज फ्रेमच्या दुकानात त्याला 'ते एसवालं' म्हणतात. जोत्याला एवढे थर देण्याचं एक कारण उघड आहे. दुपारच्या उन्हात सपाट दगडी भिंत नुसती पांढरी भगभगते. थर पाडले की तिच्यावर सावलीच्या आडव्या रेघा उमटतात आणि वजनदार वास्तू जमिनीवर बसलेली दिसते. रायगडाच्या महादरवाजावर कमानीच्या दोन अंगांना कमळं कोरली आहेत. ती सकाळी आणि संध्याकाळी पाहिलीत तर दोन वेगळी शिल्पं वाटतील. उजेड कलला की पाकळ्या उठतात. माथ्यावर आला की चपट्या होतात.

आता यातली खरी गंमत. चौकटीला पट्टी एकच असते, पण ती चार बाजूंना चार दिशांनी फिरलेली असते. समजा पट्टीचा उतार आत, चित्राकडे आहे. खालच्या पट्टीचं तोंड वर होतं, म्हणून ती उजळते. वरच्या पट्टीचं तोंड खाली होतं, म्हणून ती सावलीत जाते. वर सावली, खाली उजेड: आपण खिडकीत उभे राहून बाहेर पाहतो तेव्हा खिडकीची चौकट अशीच दिसते. म्हणून आत उतरणाऱ्या पट्टीतलं चित्र खिडकीपलीकडचं, दूरचं वाटतं. उतार बाहेर, भिंतीकडे असेल तर सगळं उलटं होतं. वरची पट्टी उजळते, खालची काळवंडते, आणि चित्र भिंतीतून पुढे आलेल्या पाटासारखं समोर येतं. पहिली पट्टी डोळ्याला आत ओढते, दुसरी चित्राला बाहेर ढकलते. पाचाडवरून दिसणाऱ्या रायगडाचं, ढगांत अर्धा बुडालेल्या कड्याचं छायाचित्र असेल तर पहिली घ्यावी. चेहरा असेल, जुना सपाट फोटो असेल, तर दुसरी, नाहीतर सरळ सपाट. आजोबांना मी तीन इंची उताराच्या तळाशी नेऊन बसवलं होतं; ते विहिरीत दिसले यात त्यांचा काय दोष?

पण पानाफुलांचे खड्डे का झाले? ते समजायला मला घराचा उजेड समजावा लागला.

कोकणातल्या जुन्या घराला पुढे पडवी असते आणि पडवीचं छप्पर माणसाच्या डोक्याला लागेल इतकं खाली येतं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून ते तसं असतं, आणि इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यामुळे आभाळाचा उजेड भिंतीवर थेट पोचत नाही. तो आधी अंगणात पडतो, तिथून परतून पडवीत येतो आणि दारातून माजघरात खालून वर चढतो. शहरातल्या खोलीत उजेड वरून येतो, दुकानात तर डोक्यावर ट्यूबच असते. आमच्या माजघरात तो पायाकडून येतो.

आणि माणसाचा मेंदू धरून चालतो की उजेड वरूनच येणार. लाखो वर्षं सूर्य वरच आहे, तेव्हा ती सवय चुकीची म्हणता येत नाही. एखाद्या उठावाची वरची बाजू उजळ आणि खालची गडद दिसली की मेंदू म्हणतो उंचवटा; उलटं दिसलं की म्हणतो खड्डा. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला की विवरं टेकड्या होतात, ती याच कारणाने. खालून आलेल्या उजेडात माझ्या पट्टीवरचं प्रत्येक पान खालून उजळलं आणि वर काळं पडलं. मेंदूने हिशेब केला: खड्डे. जितकी नक्षी जास्त, तितके खड्डे जास्त.

म्हणून दुकानातून दोन-तीन कोपरे घरी न्यायची परवानगी मागावी. ओळखीच्या दुकानात कुणी नाही म्हणत नाही. फोटो जिथे लागणार त्याच जागी, त्याच उंचीवर कोपरा धरावा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर पाहावा. हा खटाटोप कुणी करत नाही. साडी घेताना मात्र आपण ती दुकानाच्या दाराशी, उन्हात नेऊन पाहतो.

मंद आणि एका अंगाने येणाऱ्या उजेडात कशी पट्टी शोभते, याचं एक उत्तर डच लोकांनी सतराव्या शतकात काढलं होतं. त्यांच्या चौकटी काळ्या असत. एबनीचं काळंभोर लाकूड डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मॉरिशससारख्या बेटांवरून नेत. याच कंपनीची कोकणात वेंगुर्ल्याला १६३७ पासून वखार होती. काळ्यावर सावली दिसत नाही, फक्त चकाकी दिसते. मग कारागिरांनी पट्टीवर बारीक लाटा पाडल्या, बोटाने चाळवलेल्या पाण्यावर येतात तशा. त्यासाठी खास यंत्र होतं, ज्यात पट्टी हळूहळू पुढे सरके आणि पातं वरखाली होई; जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये ही कला आकाराला आली. बाजूच्या खिडकीतून आलेला कवडसा त्या लाटांच्या माथ्यांवर तेवढा चमकतो आणि बाकी चौकट अंधारात राहते. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांचा उतार भिंतीकडे असतो, त्यामुळे चित्रातला चेहरा पुढे येतो. ढगाळ हॉलंडच्या घरातली खोली आणि पाचाडचं माजघर यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

याच डचांकडे शिवाजी महाराजांचं त्याच शतकातलं एक चित्रही पोचलं. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये निकोलास विट्सेन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक चित्रवही आहे. दख्खनमध्ये काढलेल्या त्या चित्रांत महाराजही आहेत. तो भिंतीवर टांगायचा प्रकारच नव्हता. आपल्याकडची दरबारी चित्रं वहीत असत, मांडीवर घेऊन पाहायची. त्यांची चौकट म्हणजे कागदावरचाच हाशिया: दोन-चार रंगीत रेघा, कधी सोन्याची शिंपण, कधी फुलांची वेल. चित्र आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडायची, ही कल्पना तिथे आहे. आज फ्रेमवाला ज्याला 'माउंट' म्हणतो तो जाड पुठ्ठा हेच काम करतो.

सामान्य घरात भिंतीवर चित्र आलं ते छापखान्यांमुळे. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली, मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी घरातले देव टाकांवर होते, मूर्तीत होते. त्यांना खिळा लागत नव्हता. रंगीत छापील लक्ष्मी-सरस्वती घरात आल्या तशी काच आली, काचेसाठी पट्टी आली, आणि 'तसबीर' हा शब्द घरोघर पोचला. काही घरांत छापील देवीला खऱ्या जरीचं लुगडं आणि टिकल्या चिकटवत. अशा चित्राला जाडी येते, आणि जुन्या तसबिरींच्या पट्ट्या अरुंद असूनही मागून इतक्या खोल का, त्याचं एक कारण तिथे आहे.

खाच हा पट्टीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. समोरून ती दिसतच नाही. तिच्यात काय काय बसायचं असतं ते मोजा: दोन मिलिमीटरची काच, दीड मिलिमीटरचा माउंट, फोटो, मागे तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड. झाले सात मिलिमीटर, आणि वर पिना ठोकायला जागा हवी. खाच दहा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दुकानदार माउंट गाळायला सुचवतो, आणि तिथेच ऐकू नये. माउंट शोभेसाठी असतो हा गैरसमज आहे. तो फोटो आणि काच यांच्यामध्ये हवा ठेवतो. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात तो ओलसर होतो, काचेला टेकलेला असला तर चिकटतो, आणि पुढे कधी काच काढली की चेहऱ्याचा तुकडा काचेबरोबर येतो. मावशीकडच्या जुन्या फोटोत आजोबांच्या कोटाची एक बाही अशीच गेली आहे.

माउंट आणि पट्टी यांची रुंदी सारखी ठेवू नये, एवढाच एक नियम मी पाळतो. दोन इंचांचा माउंट आणि दोन इंचांची पट्टी असली की डोळ्याला कळत नाही कुणाकडे पाहायचं, आणि फोटोभोवती लागोपाठ दोन कुंपणं घातल्यासारखी दिसतात. माउंट रुंद, पट्टी अरुंद. माउंटची खालची बाजू पाव-अर्धा इंच जास्त ठेवली तर फोटो घसरल्यासारखा वाटत नाही.

आता ओल. इथे महाड-पोलादपूरच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या सल्ल्याचा उपयोग नाही.

लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. पावसात हवेतलं पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आटतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत ते आडवं साधारण पाच-सहा टक्के आटतं, इतर पुष्कळ लाकडं त्याहून जास्त. आता ४५ अंशांचा काप डोळ्यांसमोर आणा. पट्टीची रुंदी कमी झाली पण लांबी तीच राहिली, तर तो काप ४५ अंशांचा राहत नाही. दोन टोकं बाहेरच्या कोपऱ्यात एकमेकांना टेकलेली राहतात आणि आतल्या कोपऱ्यात फट पडते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की उलटं: आतून टेकतात, बाहेरून उघडतात. दर वर्षी एकदा आतून, एकदा बाहेरून. काही वर्षांत सरस दमतो आणि खिळे सैल होतात. आजोबांच्या पहिल्या चौकटीचं असंच झालं होतं.

फट किती पडेल हे रुंदीवर आहे. समजा ऋतुमानाने लाकूड एक टक्का हललं. तीन इंची, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या पट्टीत पाऊण मिलिमीटरचा फरक, म्हणजे काळी रेघ लांबून दिसणार. एक इंची पट्टीत तोच पाव मिलिमीटर; पॉलिशमध्ये खपून जातो. म्हणून आमच्याकडे भरीव लाकडाची पट्टी घ्यायची तर अरुंद घ्यावी आणि भारदस्तपणा खोलीतून मिळवावा. समोरून एक इंच, पण भिंतीपासून दीड इंच उंच. टोकाकडून पाहिलं तर उभी वीट. अशा पट्टीची स्वतःची सावली भिंतीवर पडते, आणि तीच तिची नक्षी होते. काच पेलायलाही तीच बरी. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. म्हणजे दोन बाय तीन फुटांच्या फोटोची नुसती काच पावणेतीन किलो. ते वजन खालच्या पट्टीवर बसतं, आणि पट्टी किती वाकते हे तिच्या उभ्या-आडव्या अंगावर ठरतं. चपटी, पातळ पट्टी मध्ये झोल खाते.

बाजारात आज सर्वांत जास्त खपते ती सिंथेटिक पट्टी. थर्माकोल ज्या द्रव्याचं असतं तेच पॉलिस्टायरीन वितळवून साच्यातून लांबच लांब काढतात, वर रंगीत चंदेरी-सोनेरी पापुद्रा गरम करून दाबतात. तिला वाळवी लागत नाही, भुंगा लागत नाही, ती पाणी पीत नाही, आणि वर सांगितलेली फट तिच्यात पडत नाही. हे गुण लहान नाहीत. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या घरांत शिरलं, त्यानंतर चिखलातून काढलेल्या तसबिरी ज्यांनी धुतल्या आहेत त्यांना ठाऊक आहे: लाकडाच्या भुशाच्या दाबीव पाटाची, म्हणजे एमडीएफची, पट्टी भिजलेल्या पावासारखी फुगते आणि परत येत नाही, सागवान पुसून, सावलीत वाळवून पुन्हा वापरता येतं, सिंथेटिक पट्टी नळाखाली धरली की झालं. तिचा दोष उष्णतेचा. समईच्या किंवा निरांजनाच्या अगदी वर टांगली तर ती मऊ पडून वाकते. म्हणून देवघरात लाकूड, बाकी घरात काहीही चालेल. देवघरातल्या तसबिरीला नक्षी कमी ठेवावी, हे आणखी एक. उदबत्तीची काजळी आणि तुपाचा वास धरलेली धूळ गलत्याच्या कुशीत जी बसते ती टूथब्रशनेही निघत नाही.

नक्षीच्या पट्टीत अजून एक गोम आहे. फूल, पान, फूल, पान अशी वेल साच्यातून सारख्या अंतराने येते, आणि फ्रेमवाला कापतो फोटोच्या मापाने. कोपऱ्यात फूल अर्धं, त्याला येऊन भिडलेलं पान पाऊण. युरोपातल्या जुन्या कोरीव चौकटींत कोपरे आधी जोडत आणि नक्षी नंतर करत. सांधा पानाखाली झाके. ती चैन आता नाही. नक्षी हवीच असेल तर मण्यांची किंवा आडव्या बारीक रेघांची घ्यावी. ती कुठेही कापली तरी बोभाटा होत नाही. पैशाचा हिशेबही इथेच करून टाकू. पट्टी फुटावर मिळते. माउंट धरून १६ बाय १९ इंचांचा फोटो असेल तर घेर ७० इंच. त्यात पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवायची, कारण चार कोपऱ्यांत दोन-दोन टोकं तिरकी जातात. एक इंची पट्टीला ७८ इंच लागतील, तीन इंचीला ९४. रुंद पट्टी दराने महाग असतेच, वर मापानेही जास्त लागते.

या भागात सगळ्यांत जास्त फ्रेम होतं ते महाराजांचं चित्र. जिजाऊंची समाधी पाचाडलाच आहे. ६ जून १६७४ ला गडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला इथे खाली त्यांचं निधन झालं. गड पाहून उतरणारा माणूस समाधीशी थांबतो, आणि परतताना बऱ्याच जणांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली एक तसबीर असते. घरी ती जवळजवळ नेहमी सोनेरी, पानाफुलांच्या, फ्रेंच राजवाड्याच्या नक्कल-पट्टीत असते. माझं यावर मत आहे आणि ते कुणाला पटत नाही. चित्रातच जिरेटोप आहे, मोत्यांचे तुरे आहेत, जरीचा अंगरखा आहे. त्याभोवती आणखी तीन इंच सोनं घातलं की चित्रातलं सोनं फिकं पडतं. गडद शिसवी, रुंद सपाट पट्टी आणि फक्त आतल्या काठाला एक बारीक सोनेरी रेघ: मग ती रेघ चित्रातल्या जरीशी बोलते. पाचाडच्या वाड्यातली तक्क्याची विहीर पाहिलीत? दगडाचा एक गुळगुळीत तक्क्यासारखा गोला, बाकी सगळी साधी चिरेबंदी. ज्यांनी ते बांधलं त्यांची आवड काय होती ते तिथे दिसतं.

टांगण्याविषयी थोडक्यात. आमच्याकडे फोटो उंच, पाटईखाली, पुढे झुकवून लावतात. जमिनीवर बसून पाहणाऱ्याला तो नीट दिसतो आणि काचेवर दाराचा उजेड चकाकत नाही. झुकलेल्या फोटोच्या वरच्या पट्टीवर धूळ साचते. पट्टीचा वरचा काठ गोल असला तर कमी. मागे त्रिकोणी पोकळी राहते, त्यात पूर्वी चिमण्या घरटी करायच्या. आता पाली अंडी घालतात. फोटो सरळ लावायचा असेल तर खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंतीची ओल हार्डबोर्डात उतरत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दुसऱ्यांदा महाडला गेलो. पट्ट्या टोकाकडून पाहत बसलो तेव्हा दुकानदाराला मी गिऱ्हाईक आहे की ठेकेदार असा प्रश्न पडला असावा. शेवटी सागवानाची, समोरून एक इंच आणि उंचीला दीड इंच असलेली पट्टी घेतली. नक्षी शून्य. उतार थोडासा भिंतीकडे, आतल्या काठाला एक पायरी, वरचा काठ पूर्ण गोल. अडीच इंचांचा मळकट पांढरा माउंट. माजघराच्या दारावर चढवल्यावर खालून येणाऱ्या उजेडात पायरीची एक काळी रेघ चेहऱ्याभोवती फिरली आणि आजोबा पुढे येऊन बसले. सुतारांना बोलावून दाखवलं. त्यांनी अंगठा कोपऱ्यावरून फिरवला आणि काही न बोलता चहा घेतला.

मग सर्वपित्री आली. मावशीने झेंडूचा हार करून फोटोला घातला. तो गोल काठावरून घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. उजेड, ओल, धूळ, वजन, सगळ्याचा विचार मी केला होता. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं, आतून हातोडी आणली आणि त्या गोल, नितळ, पॉलिश केलेल्या सागवानावर दोन्ही कोपऱ्यांत एकेक पितळी चूक ठोकली.